गाठ सोडणारा हिका: ओरोमो मंडळी परमुलखात कशी उभी राहिली

इथिओपियातल्या ओरोमो लोकांच्या भाषेत ‘हिकू’ असं एक क्रियापद आहे. दावणीचं जनावर सोडायचं तरी हिकू, गाठ सोडायची तरी हिकू, आणि एका भाषेतलं बोलणं दुसऱ्या भाषेत उलगडून सांगायचं तरीही हिकूच. आपण गाठ सोडवतो आणि कोडंही सोडवतो, तसंच काहीसं. इथिओपियाच्या पश्चिमेला इलुबाबोर भागात, हुरुमूजवळ, १८५६ च्या सुमारास जन्मलेल्या एका मुलाचं नाव घरच्यांनी हिका ठेवलं होतं. सोडणारा, उलगडणारा. लहानपणीच त्याचे वडील गेले. मग गुलामांच्या व्यापाऱ्यांनी त्याला पळवलं. तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यापर्यंत पोचेपोचेतो हा पोर आठ मालकांच्या हातून गेला. १८७० मध्ये मसावा बंदरात वर्नर मुन्झिंगर नावाच्या स्विस अधिकाऱ्याने त्याची सुटका केली आणि त्याला स्वीडिश मिशनच्या शाळेत आणून सोडलं. ३१ मार्च १८७२ ला, ईस्टरच्या रविवारी, त्याचा बाप्तिस्मा झाला. नवं नाव पडलं ओनेसिमोस, म्हणजे बायबलात पौलाने फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रातल्या गुलामाचं नाव. जगाला तो पुढे ओनेसिमोस नेसिब म्हणून माहीत झाला.

परदेशातली ओरोमो मंडळी, म्हणजे ओरोमो ख्रिस्ती लोकांचं चर्च, म्हटलं की डोळ्यांसमोर येतात ते गेल्या ४०-५० वर्षांतले निर्वासित. मिनियापोलिस, टोरंटो, मेलबर्न अशा शहरांतून, दुसऱ्या कुणाच्या तरी चर्चमध्ये दुपारची वेळ मागून घेऊन भरणाऱ्या उपासना. ते चित्र खरंच आहे आणि त्याकडे शेवटी येऊच. पण ओरोमो मंडळी जन्मालाच परमुलखात आली, आणि तिच्या संस्थापकांत मोठा भाग विकल्या गेलेल्या मुलांचा होता, हे या प्रकरणाचं मूळ आहे. पुढे जे जे झालं त्याची कारणं त्या पहिल्या ३०-३५ वर्षांत सापडतात, म्हणून इथे जास्त जागा मी त्यांनाच दिली आहे.

बंद रस्ते

ओरोमो हा आज इथिओपियातला सर्वांत मोठा जनसमूह आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या बऱ्याच मिशनरी मंडळांनी त्यांच्यापर्यंत पोचायचा ध्यास घेतला होता. त्याचं मोठं कारण योहान लुडविग क्राफ हा जर्मन. तो १८३९ ते १८४२ या काळात शोआ या इथिओपियातल्या राज्याच्या दरबारी राहिला, ओरोमो शिकला, या लोकांविषयी त्याने युरोपात भरभरून लिहिलं. शोआमधला त्याचा साथीदार इझेनबर्ग पुढे मुंबईत येऊन काम करू लागला. क्राफचं लिखाण वाचून माणसं निघाली, पण पोचली भलतीकडेच. जर्मनीतल्या हर्मान्सबुर्ग मिशनने ‘कांदासे’ नावाचं स्वतःचं जहाज बांधून १८५३ मध्ये माणसं पाठवली. त्यांना ओरोमो मुलखात शिरताच आलं नाही. ती दक्षिण आफ्रिकेत नातालला जाऊन थांबली. स्वीडिश इव्हँजेलिकल मिशनची माणसं १८६६ मध्ये मसावाला उतरली आणि तिथेच अडकली. आतला मुलूख युद्धांनी पेटलेला, वाटा बंद.

मग झालं असं, की मिशनला ओरोमोंपर्यंत जाता येईना, पण गुलामांचा व्यापार ओरोमो मुलांना मिशनच्या दारात आणून टाकत होता. मसावाजवळच्या इम्कुल्लू गावी स्वीडिश ठाणं उभं राहिलं. शाळा, छापखाना आणि जहाजांवरून, तांड्यांतून सोडवलेली मुलं. निरनिराळ्या मुलखांतून आलेली, वेगवेगळ्या लहेजाने बोलणारी. काहींना आपल्या गावाचं नाव आठवे, काहींना तेही नाही. मात्र भाषा आठवत होती.

ओनेसिमोसला १८७६ मध्ये स्टॉकहोमजवळच्या योहानेलुंड इथल्या धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकायला पाठवलं गेलं. पाच वर्षांनी तो परतला आणि आल्या पावली मायदेशाच्या वाटेला लागला. पहिली मोहीम सुदानमधून निघाली, ती महदी या सुदानी धर्मनेत्याच्या उठावामुळे सीमेवरून मागे फिरली. दुसरी १८८६ मध्ये एन्तोतोपर्यंत, शोआचा राजा (पुढे सम्राट) मेनेलिकच्या दरबारापर्यंत पोचली. मेनेलिकने परत जायला सांगितलं. दोन्ही वेळा माणसं घर दिसायच्या आत उलट फिरली. अशा वेळी माणूस खचतो. ओनेसिमोसने इम्कुल्लूला परतून बायबलच्या ओरोमो भाषांतराचं काम हातात घेतलं. आपल्याला जाता येत नसेल तर पुस्तक तरी जाईल, असा तो हिशेब होता, आणि तो खरा ठरला.

आस्तेरची आठवण

इथे एक अडचण होती आणि ती ओनेसिमोसने लपवली नाही. लहानपणीच घर सुटलेला माणूस तो. ओरोमो त्याची मातृभाषा खरी, पण ती लेकराची भाषा. मोठ्यांच्या बैठकीतलं बोलणं, शेतातले शब्द, म्हणी, वाक्प्रचार, शोकाचे आणि सणाचे शब्द त्याच्या कानावरून पुरेसे गेलेच नव्हते. स्वीडिश आणि इथिओपियाच्या दरबाराची अम्हारिक येत होती. आपलीच भाषा अपुरी पडत होती. परदेशात वाढलेल्या कुणालाही हे दुखणं समजेल.

ही उणीव भरून काढली एका मुलीने. आस्तेर गन्नो. १८७२ च्या सुमारास जन्मली ती स्वतंत्र घरात, पण लिम्मू-एन्नारिया या ओरोमो राज्याच्या राजाने तिला गुलाम केलं. अरबस्तानात विकायला नेत असताना १८८६ मध्ये इटालियन जहाजाने ती होडी अडवली. आस्तेर इम्कुल्लूच्या शाळेत आली. तिची बुद्धी आणि ओरोमो भाषेची तिची जाण ओनेसिमोसच्या लगेच लक्षात आली, आणि तिच्यावर शब्दकोशाचं काम सोपवलं गेलं. त्या शब्दसंग्रहाच्या आधाराने नव्या कराराचा, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागाचा, मजकूर घासूनपुसून घेतला गेला. १८९३ मध्ये नवा करार छापून निघाला.

आस्तेरने याहून मोठं एक काम केलं, असं मला वाटतं. आठवणीतून तिने सुमारे ५०० ओरोमो उखाणे, म्हणी, गोष्टी आणि गाणी उतरवून काढली. विशीतली मुलगी, घरापासून शेकडो कोस दूर, घरी परत जाता येईल याची खात्री नाही, आणि ती बसून आजीच्या तोंडचे उखाणे एकेक करून कागदावर आणते आहे. त्यातल्या बऱ्याच गोष्टी १८९४ च्या ‘जलकबा बर्सीसा’ या वाचनमालेत छापल्या गेल्या. नावाचा अर्थ शिकवण्याचा आरंभ. म्हणजे ख्रिस्ती मंडळीच्या छापखान्यातून निघालेल्या या पहिल्या क्रमिक पुस्तकात ओरोमोंचं स्वतःचं लोकवाङ्मय होतं. ते पुस्तक हातात घेणाऱ्या मुलाला, ख्रिस्ती व्हायचं तर आपली आजी विसरावी लागेल, असं वाटायचं कारण उरलं नाही. मंडळी पुढे इतकी रुजली त्याचं मला दिसणारं पहिलं कारण हे.

संपूर्ण पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, १८९९ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळच्या सेंट क्रिशोना इथे छापलं गेलं. मुखपृष्ठावर नाव एकट्या ओनेसिमोसचं. आस्तेरचं नाही. पुढच्या अभ्यासकांनी तिच्या वाट्याचं काम दाखवून दिलं आहे, पण ती ओळ छापायच्या वेळी छापली गेली नाही, याची रुखरुख राहते.

भाषांतराची दोन बारीक उदाहरणं पाहण्यासारखी आहेत. एक म्हणजे देवाचं नाव. ओरोमोंच्या जुन्या धर्मात वाका हा एकच आकाशदेव. वाका म्हणजे आकाशही. अम्हारिक चर्चमधला ‘एग्झियाब्हेर’ हा शब्द हाताशी होता, दरबारमान्य होता. भाषांतरकारांनी वाका, वाकायो हेच नाव ठेवलं. त्यामुळे शुभवर्तमान ऐकणाऱ्या शेतकऱ्याला आपल्याच देवाविषयी नवं काही सांगितलं जातंय असं वाटलं.

दुसरं उदाहरण लिपीचं. हे सगळं छापलं गेलं गीझ लिपीत, म्हणजे अम्हारिकच्याच लिपीत. ती आपल्या बाराखडीसारखी चालते, पण प्रत्येक व्यंजनाची रूपं सातच. ओरोमोत स्वर पाच, ते ऱ्हस्वही आणि दीर्घही; शिवाय व्यंजन दुहेरी उच्चारलं की अर्थ पालटतो. ‘लफ’ म्हणजे जमीन आणि ‘लाफा’ म्हणजे मऊ. आपण काना देऊन मोकळे होतो; गीझमध्ये हा भेद नीट दाखवता येत नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ एकाच पद्धतीने लिहायची सक्ती झाली तर मराठी वाचक किती अडखळेल, तसं ते होतं. तरीही त्या काळी तीच लिपी घेणं बरोबर होतं असं वाटतं. देशात जो कुणी वाचू शकत होता, तो गीझच वाचत होता.

लवडेलची मुलं

हे सगळं आपोआप घडलं नाही हे कळण्यासाठी त्याच काळातली दुसरी एक हकीकत शेजारी ठेवावी लागते. सप्टेंबर १८८८ मध्ये ‘ऑस्प्रे’ या ब्रिटिश युद्धनौकेने तांबड्या समुद्रात गुलामांची गलबतं अडवली आणि दोनशेहून अधिक ओरोमोंची सुटका केली. बहुतेक लहान मुलंच. त्यांना एडनला नेलं. एडन तेव्हा मुंबई इलाख्याच्या कारभाराखाली होतं. तिथे शेख ओथमान इथल्या स्कॉटिश मिशनने मुलांना आसरा दिला. हवा मानवेना, मुलं दगावू लागली, तेव्हा १८९० मध्ये ४२ मुलगे आणि २२ मुली दक्षिण आफ्रिकेतल्या लवडेल संस्थेत पाठवल्या गेल्या.

लवडेलमध्ये शिक्षण चांगलं होतं, माया होती. ओरोमो मात्र नव्हती. शिक्षण इंग्रजीत, भोवताली खोसा भाषा. ना ओरोमो छापखाना, ना ओरोमो पुस्तक. मुलं मोठी झाली, कामाला लागली, पांगली, काही पुढे मायदेशी परतली. त्यांच्यातून ओरोमो मंडळी उभी राहिली नाही. त्या मुलींपैकी बिशो जारसा ही दक्षिण आफ्रिकेतले नेते आणि भाषातज्ज्ञ नेव्हिल अलेक्झांडर यांची आजी. म्हातारपणी ती एकटीच बसून अनोळखी भाषेत पुटपुटे. नातवंडं घाबरून आईकडे जात, तर आई समजूत घाले की आजी देवाशी बोलते आहे. बोलायला दुसरं कुणी उरलंच नव्हतं. याच अलेक्झांडरनी रॉबेन बेटावर दहा वर्षं कैद भोगली आणि पुढे मातृभाषेतून शिक्षणासाठी उभं आयुष्य वेचलं.

नाशिककरांना यात ओळखीचं काही दिसेल. आज ज्या शरणपूर रोडवरून रोज ये-जा होते, त्या शरणपूरच्या मिशनमध्येही समुद्रावर सोडवलेली आफ्रिकी मुलं वाढली. १८७५ च्या सुमारास त्यांतली बरीच मोंबासाजवळच्या फ्रेअर टाऊनला गेली आणि तिथल्या मंडळीचा पाया झाली. म्हणजे सोडवलेल्या मुलांतून मंडळी उभी राहिल्याची उदाहरणं आहेत. पण स्वतःच्या भाषेचं भांडार जमवून ते घरी घेऊन जाणं, हे इम्कुल्लूचं वेगळेपण.

पुस्तक घरी जातं

१९०४ मध्ये ओनेसिमोस, आस्तेर आणि सोबती पश्चिम इथिओपियात वल्लेगा भागातल्या नेकेम्तेला पोचले. सुमारे ३५ वर्षांनी घराच्या मुलखात पाऊल पडलं. तिथल्या राजाने, कुम्सा मोरोदाने, स्वागत केलं. शाळा निघाली. ओनेसिमोस लोकांना समजेल अशा ओरोमोत उपदेश करू लागला. ऑर्थोडॉक्स देवळात विधी चाले गीझमध्ये, म्हणजे जी भाषा शेतकऱ्याला कळतच नसे. साहजिकच गर्दी इकडे वळली आणि पुरोहितांनी तक्रार केली. १९०६ मध्ये प्रकरण आर्चबिशप अबुना मत्तेवोसपुढे गेलं, हद्दपारीचा हुकूम झाला. सम्राट मेनेलिकने तो बदलला: नेकेम्तेला राहा, पण उपदेश करायचा नाही.

मंडळी स्थापन करायला आलेल्या माणसाला उपदेशाचीच बंदी. मग उरली शाळा आणि पुस्तकं. दहा वर्षं हेच चाललं. मुलं वाचायला शिकली, घरी जाऊन वाचून दाखवू लागली. व्यासपीठ मोकळं मिळालं असतं तर सगळं एका उपदेशकाभोवती फिरलं असतं; बंदीमुळे वाचणारे घरोघर तयार झाले. १९१६ मध्ये मेनेलिकचा नातू आणि वारस लिज इयासूने उपदेशाची परवानगी दिली. इयासू त्याच वर्षी पदच्युत झाला, पण तो हुकूम कुणी फिरवला नाही. २१ जून १९३१ ला ओनेसिमोस नेकेम्तेतच वारला. १९३६ ला इटालियन आले, परदेशी मिशनरींना जावं लागलं, तरी वल्लेगातल्या मंडळ्या स्थानिकांच्या बळावर चालत राहिल्या.

नंतरचा काळ भराभर सांगता येतो. १९४४ च्या फर्मानाने मिशनशाळांतून अम्हारिक ही शिक्षणाची भाषा झाली आणि ओरोमोत छापणं जवळजवळ बंद पडलं. १९५९ मध्ये मेकाने येसूस ही राष्ट्रीय ल्युथरन मंडळी स्थापन झाली, सभासद सुमारे २०,०००. आज ती एक कोटीच्या पुढे आहे आणि तिच्यात ओरोमोंचा वाटा फार मोठा आहे.

पुन्हा परमुलूख

बोजी या वल्लेगातल्या गावी १९२९ मध्ये जन्मलेले गुदिना तुम्सा १९६३ ते १९६६ या काळात अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉल इथे ल्युथर सेमिनरीत शिकले. परतल्यावर मेकाने येसूसचे सरचिटणीस झाले. माणसाच्या पोटापाण्याचा विकास आणि शुभवर्तमान या गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत, असं त्यांच्या मंडळीने १९७२ मध्ये पाश्चात्य मिशनांना लेखी कळवलं. १९७४ मध्ये दर्गची लष्करी राजवट आली. देश सोडून जायची संधी असूनही गुदिना गेले नाहीत. २८ जुलै १९७९ ला आदिस अबाबात, उपासना संपवून बाहेर पडल्यावर, त्यांना पळवून नेऊन मारण्यात आलं. पत्नी त्सेहाय तोलेस्सा यांनी दहा वर्षं तुरुंगात काढली. पतीचे अवशेष राजवट कोसळल्यावर, १९९२ मध्ये, हाती आले.

याच वर्षांत ओरोमो माणसं सुदान, सोमालिया, केनियाच्या वाटेला लागली. छावण्यांतून अमेरिकेत पोचलेल्यांतले पुष्कळ जण मिनेसोटात स्थिरावले. आफ्रिकेबाहेरची सर्वांत मोठी ओरोमो वस्ती तिथलीच मानली जाते. त्यांना वसवण्यात ल्युथरन संस्थांचा मोठा हात होता. तिथली ल्युथरन चर्चं बांधली कुणी? एकोणिसाव्या शतकात स्वीडन-नॉर्वेतून आलेल्या स्थलांतरितांनी. ज्या पिढीतल्या स्वीडिश माणसांनी मसावाला मिशन पाठवलं, त्याच पिढीतली त्यांची भावंडं मिनेसोटात शेती करत होती. शंभर वर्षांनी त्यांच्या चर्चमधल्या बाकांवर ओरोमो कुटुंबं येऊन बसली.

अशा मंडळ्यांची वाढ साधारण एकाच वळणाने जाते. आधी कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत प्रार्थना. मग यजमान चर्चची सकाळची इंग्रजी उपासना आटोपल्यावर दुपारची वेळ. सुरुवातीला अम्हारिक बोलणाऱ्या इथिओपियन ख्रिस्ती बांधवांसोबतच. पुढे ओरोमोत गाण्याची ओढ अनावर होते आणि वेगळी उपासना सुरू होते. यजमानांची संख्या वयोमानाने घटते, पाहुण्यांची वाढते, आणि कधी कधी इमारतच पाहुण्यांच्या हाती येते. मंडळी निव्वळ रविवारची राहत नाही. मयत झाली, कागदपत्रं अडली, गावाकडून वाईट बातमी आली, की लोक तिथेच गोळा होतात. ओरोमो शेजाऱ्यांत मुसलमान पुष्कळ, त्यांच्याशी लग्नाकार्यात, आंदोलनांत खांद्याला खांदा लागतो. इरेचा या जुन्या आभाराच्या सणाला जावं की नाही, यावर मात्र मंडळीच्या आत वाद होतात. जो वाका बायबलात घेतला, त्याच वाकाचा तो सण. हा प्रश्न इम्कुल्लूपासून सोबत आलेला आहे. २०१३ मध्ये समलिंगी विवाहाच्या मुद्द्यावर मेकाने येसूसने अमेरिकन आणि स्वीडिश ल्युथरन मंडळींशी संबंध तोडले, तेव्हा परदेशातल्या मंडळ्या कात्रीत सापडल्या. आईचं ऐकावं की ज्यांच्या छताखाली बसतो त्यांचं.

त्याहून रोजचा आणि मला जास्त अस्वस्थ करणारा प्रश्न मुलांचा आहे. १९९१ मध्ये इथिओपियात ओरोमोसाठी कुबे ही रोमन अक्षरांवर बेतलेली लिपी अधिकृत झाली. दीर्घ स्वर दोनदा लिहायचा, दुहेरी व्यंजनही दोनदा लिहायचं. लफ आणि लाफा यांचा घोळ मिटला. त्यामुळे मंडळीत एक वेगळंच दृश्य दिसतं. म्हाताऱ्यांचा हात गीझमधल्या जुन्या पुस्तकावर बसलेला, तरुण ‘मचाफा कुल्कुल्लू’, म्हणजे पवित्र पुस्तक, कुबेत वाचणारे. आणि अमेरिकेत जन्मलेल्या पोरांना ती अक्षरं शाळेतल्या इंग्रजीमुळे आधीच येत असतात. ओळ ती घडाघडा वाचतात. अर्थ विचारला की आजीकडे बघतात, आणि आजी एकेक शब्द घेऊन हिकू करत बसते.

आस्तेर गन्नो १९६४ पर्यंत जगली. तिच्या शेवटच्या वर्षी गुदिना सेंट पॉलमध्ये शिकत होते. तिने उतरवलेल्या ५०० नोंदींपैकी वाचनमालेत छापल्या गेलेल्या गोष्टी आजही ओरोमो घरांत सांगितल्या जातात, बहुधा त्या कुणाच्या हातच्या हे माहीत नसताना.